बोलकें दप्तर : जुन्या कॅसेटींची ओळख आणि संग्रह

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि रुमालांत बांधलेलीं जुनीं दप्तरें डोळ्यांपुढें उभीं राहतात. कालपरवांपर्यंत घरोघरच्या फडताळांत पडून असलेली एखादी वस्तु इतिहासाचें साधन होऊं शकेल, हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. म्हणूनच घर बदलतांना किंवा दिवाळीची आवराआवर करतांना गाण्यांच्या जुन्या कॅसेटी बेधडक भंगारांत जातात. ज्या यंत्रावर त्या वाजत तें यंत्र बंद पडलें. गाणीं तर आतां मोबाइलवरहि ऐकतां येतात. मग हा प्लॅस्टिकचा ढीग ठेवावयाचा कशाला, असें घरांतील मंडळींनीं विचारल्यास त्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु या प्रश्नाला उत्तर आहे, आणि तें समजण्यासाठीं कॅसेट ऐकण्यापूर्वीं ती वाचावयास शिकलें पाहिजे. गाणीं भरून विकलेली कॅसेट ही केवळ सुरांची डबी नव्हे. ती आपल्या काळचा एक दस्तऐवज आहे.

या वस्तूचा जन्म संगीतासाठीं झाला नाहीं. मोठ्या चकत्यांवर गुंडाळलेली फीत हातानें यंत्रांत ओवावयाची, ही टेपरेकॉर्डरची जुनी पद्धत सामान्य माणसाला त्रासाची वाटे. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीच्या बेल्जममधील हॅसेल्ट येथील कारखान्यांत लू ऑटन्स या अभियंत्यानें यावर उपाय शोधला. आपल्या कोटाच्या खिशांत मावेल असा एक लांकडी ठोकळा त्यानें प्रथम करून घेतला आणि होणारें यंत्र या ठोकळ्याहून मोठें नसावें, अशी मर्यादाच घालून घेतली. ३० ऑगस्ट १९६३ रोजीं बर्लिन येथील रेडिओ-प्रदर्शनांत ही नवी कॅसेट लोकांपुढें आली. तिच्यांतील फीत अवघी ३.८१ मिलिमीटर रुंद असून ती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या मंद गतीनें सरके. एवढ्या अरुंद व सावकाश फितीवर बोलणें टिपतां यावें, यापलीकडे तिच्याकडून कोणाची फारशी अपेक्षा नव्हती. १९६५ सालीं फिलिप्सनें इतर कारखानदारांना ही रचना विनामूल्य वापरूं दिली, आणि हाच निर्णय पुढें सर्वांत मोलाचा ठरला. त्यामुळें जगांत कोठेंहि भरलेली कॅसेट जगांत कोठेंहि वाजूं लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस गाणीं भरलेल्या कॅसेटी युरोपांत विक्रीस आल्या. जुलै १९६६ मध्यें अमेरिकेंत मर्क्युरी कंपनीनें ४९ संग्रहांनिशीं त्यांचा आरंभ केला.

या पहिल्या कॅसेटींत गाण्यामागें एक सततची सरसर ऐकूं येई. ती कमी करण्याची युक्ति रे डॉल्बी या अमेरिकन शास्त्रज्ञानें काढली. हा गृहस्थ १९६३ ते १९६५ या काळांत संयुक्त राष्ट्रसंघाचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतांत होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाहीं. १९६५ सालीं त्यानें लंडनमध्यें स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि १९६८ सालीं घरगुती यंत्रांसाठीं आपली 'बी' पद्धत प्रसिद्ध केली. दोन इंग्रजी 'डी' अक्षरांची जोडी ही तिची खूण. पुढें क्रोमियम डायॉक्साइडचा लेप दिलेली फीत आली, आणि बोलणें टिपण्यासाठीं जन्मलेली कॅसेट संगीताचें भरंवशाचें वाहन झाली. संग्राहकानें हा क्रम ध्यानांत ठेवावा. कारण एखाद्या कॅसेटवर कोणती खूण आहे आणि कोणती नाहीं, यावरून तिच्या वयाचा पहिला अंदाज येतो.

आतां भारताकडे वळूं. येथें ध्वनिमुद्रिकांचा व्यापार दीर्घकाळ बहुतांशीं एकाच कंपनीच्या हातीं होता. कुत्रा आणि कर्णा हें जिचें चिन्ह, ती ग्रामोफोन कंपनी कलकत्त्याजवळील दमदम येथील कारखान्यांत तबकड्या काढी. तबकडीचा कारखाना हें मोठ्या भांडवलाचें काम. त्यामुळें कोणाचा आवाज देशभर ऐकूं जावा, याचा निर्णय थोड्या लोकांच्या हातीं राहिला. १९७० नंतरच्या दशकांत आखाती देशांत कामाला गेलेले लोक परततांना जपानी बनावटीचे टू-इन-वन घेऊन येऊं लागले आणि कॅसेट मध्यमवर्गाच्या, पुढें तर कामकरी वर्गाच्याहि घरांत शिरली. कॅसेटवर गाणीं उतरविण्यास एक खोली आणि थोडीं यंत्रें पुरत. दिल्लींतील दर्यागंज येथें फळांच्या रसाचें दुकान चालविणाऱ्या कुटुंबांतील गुलशन कुमार यांनीं १९८३ सालीं सुपर कॅसेट्स इंडस्ट्रीज ही कंपनी काढली. टी-सीरीज हें तिचें नांव पुढें घरोघरीं झालें. तिच्यामागोमाग लहानमोठ्या अनेक कंपन्या निघाल्या. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकानें उत्तर हिंदुस्थानांतील या स्थित्यंतरावर 'कॅसेट कल्चर' नांवाचा ग्रंथच लिहिला असून तो १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. मूठभरांच्या हातून निघून संगीताची सूत्रें पुष्कळांच्या हातीं गेलीं, हें त्यांतील एक मुख्य प्रतिपादन आहे.

पुष्कळांच्या हातीं सूत्रें गेलीं म्हणजे गोंधळहि आलाच. एकाच नांवाच्या कॅसेटी तीन जातींच्या मिळूं लागल्या. पहिली जात अस्सल. मूळ ध्वनिमुद्रण ज्या कंपनीच्या मालकीचें, तिनें काढलेली. दुसरी चोरटी, अस्सल कॅसेटवरून नक्कल करून, तिचेंच कार्ड पुन्हां छापून विकलेली. तिसरी जात मोठी चमत्कारिक. तिला व्यापारांत 'व्हर्शन' म्हणत. तेंच गीत, तीच चाल. परंतु गायक वेगळा, वादक वेगळे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत, मूळ गाण्याची मुद्रिका एकदां निघाल्यावर रीतसर नोटीस देऊन व मानधन भरून तें गाणें पुन्हां ध्वनिमुद्रित करण्याची मुभा होती. त्या मुभेंतून ही जात वाढली. महंमद रफींचीं गाणीं तरुण सोनू निगम यांच्या आवाजांत देणारा 'रफी की यादें' हा संग्रह असाच. व्हर्शन ही चोरी नव्हे. पण घाईंत घेणारा फसे, हेंहि खरें. १९९४ सालच्या 'हम आपके हैं कौन' या चित्रपटाच्या गाण्यांवरून दोन कंपन्यांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयांत गेला, तेव्हां कॅसेटचें नांव आणि वेष्टनाचा सारखेपणा हेच भांडणाचे मुद्दे होते. हें मूळ चित्रपटांतील ध्वनिमुद्रण नव्हे, असें ठळक अक्षरांत सांगितलें पाहिजे, असा दंडक १९९५ सालीं न्यायालयानें घातला. डबींतील एका चतकोर कागदावर न्यायाधीशांना विचार करावा लागला, यावरून त्या कागदाचें महत्त्व कळावें.

दिसतें तसें नसतें, ही म्हण कॅसेटच्या बाबतींत पदोपदीं प्रत्ययास येते. यासाठीं परीक्षेचा एक क्रम ठरवून घेणें बरें. प्रथम कार्ड पाहावें. ८ ऑक्टोबर १९८४ पासून अमलांत आलेल्या कायद्याच्या दुरुस्तीनें, ध्वनिमुद्रण तयार करणाऱ्याचें नांव व पत्ता, हक्कदाराचें नांव व पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचें वर्ष हीं मुद्रिकेवर व तिच्या वेष्टनावर छापणें बंधनकारक झालें. तेव्हां हा तपशील पूर्ण असेल तर कॅसेट बहुधा त्यानंतरची. आणि अलीकडची असूनहि पत्ता नसेल, अक्षरें पुसट असतील, गायकाच्या नांवांत चुका असतील, तर चोरटेपणाचा संशय घ्यावा. मात्र छापलेल्या वर्षाबाबत सावध असावें. वर्तुळांतील 'पी' या अक्षरापुढचें वर्ष त्या ध्वनिमुद्रणाच्या प्रथम प्रकाशनाचें असतें. हातांतील प्रत त्यानंतर कितीहि वर्षांनीं निघालेली असूं शकते.

दुसरी खूण क्रमांकाची. कार्डावरील, कवचावरील आणि कण्यावरील क्रमांक एकच आहेत ना, हें ताडून पाहावें. पॉलीग्राम समूहाच्या १९८० च्या दशकांतील क्रमांकांत अखेरचा अंक १ असल्यास तबकडी, २ असल्यास कॉम्पॅक्ट डिस्क आणि ४ असल्यास कॅसेट, असा संकेत होता. त्याच गाण्यांची प्रत नव्या चित्रानें व नव्या किंमतीनें पुन्हां निघे, तेव्हां या आवृत्त्यांची वंशावळ लावण्यास क्रमांकासारखा दुसरा साक्षीदार नाहीं.

तिसरी परीक्षा कवचाची. तें स्क्रूंनीं जोडलेलें आहे कीं चिकटविलेलें, त्यावर कागदी चिठ्ठी आहे कीं अक्षरें थेट प्लॅस्टिकवर छापलेलीं आहेत, हें नोंदावें. वरच्या कडेचे दोन लहान पडदे मोडलेले असले म्हणजे त्या फितीवर दुसरें कांहीं भरतां येत नाहीं. कंपनीच्या कॅसेटला हे पडदे बहुधा मुळांतच नसतात. ते शाबूत असतील, किंवा तेथें चिकटपट्टी लाविलेली असेल, तर मूळ गाणीं पुसून घरचें बारसें किंवा भाषण त्यांत भरलेलें नाहीं ना, हें ऐकून पाहावें. चौथी परीक्षा फितीची. साध्या लोहभस्माची फीत तांबूस तपकिरी, तर क्रोमची अधिक काळसर दिसते. पण क्रोमच्या कवचावर असावयाच्या जादा खांचा गाणीं भरून विकलेल्या कॅसेटींत पुष्कळदां नसतात. म्हणून केवळ खांच नाहीं एवढ्यावरून निकाल देऊं नये.

पांचवी आणि शेवटची परीक्षा कानांची. कॅसेटच्या दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या व्हाव्यात म्हणून कंपन्या गाण्यांचा क्रम पुष्कळदां बदलीत. त्यामुळें तबकडीवरचा व कॅसेटवरचा क्रम वेगळा आढळला तर तें खोटेपणाचें लक्षण समजूं नये. शिवाय नांव एक असून ध्वनिमुद्रण निराळें, असेंहि घडतें. माडगूळकर-फडके यांचें गीतरामायण हें याचें उत्तम उदाहरण. पुणें आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून दर आठवड्यास एक याप्रमाणें तीं ५६ गीतें अनेक गायक-गायिकांच्या कंठांतून प्रसारित झालीं. महाराष्ट्राच्या घराघरांत तबकड्या व कॅसेटी होऊन जें गीतरामायण पुढें पोहोंचलें, तें एकट्या सुधीर फडके यांच्या आवाजांतील. रेडिओवर ऐकलेलें गाणें तें हेंच, असें म्हणणाऱ्या श्रोत्याच्या आठवणींत दोन ध्वनिमुद्रणें एक होऊन गेलेलीं असतात. ती गांठ संग्राहकच सोडवूं शकतो.

एवढी यातायात कोणासाठीं, असें कोणी म्हणेल. नामांकित गायकांचीं चित्रपटगीतें आज ना उद्यां कोठें तरी मिळतीलच. त्यांच्यासाठीं जीव टाकण्याचें कारण नाहीं. पण कॅसेटनें ज्यांना प्रथमच दार उघडून दिलें, त्यांचें काय? गांवच्या जत्रेंतील देवीचीं गाणीं, कोळीगीतें, तमाशांतले वग, भारुडें, शाहिरांचे पोवाडे आणि भीमगीतें यांचा मोठा भाग कॅसेटवरच निघाला आणि कॅसेटवरच राहिला. प्रल्हाद शिंदे यांचा पहाडी आवाज विठ्ठलाच्या गाण्यांतून आणि भीमगीतांतून ज्या वस्त्यांत पोहोंचला, तेथें तबकडीचा फोनो विकत घेण्याची ऐपत थोड्यांचीच होती. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसनें शास्त्रीय गायनाच्या मैफिली कॅसेटरूपानें रसिकांना दिल्या. लहानशा कंपनीचें दुकान बंद झालें म्हणजे तिची मूळ फीत जपून ठेवली गेलीच असेल, असा भरंवसा देतां येत नाहीं. अशा वेळीं एखाद्या घरांत उरलेली एक प्रत हीच मूळ प्रत होऊन बसते. मग ती चोरटी असली तरी हरकत नाहीं. ज्या बखरीची अस्सल प्रत हरवली, तिची नक्कल आपण चुकीची म्हणून जाळीत नाहीं. नक्कलकाराच्या चुकांसकट ती जपतों.

परंतु फितीला ताम्रपटाचें आयुष्य नाहीं. पावसाळी दमट हवेंत तिच्यावर पांढरी बुरशी धरते. फीत दाबून धरणारी कापडाची लहानशी गादी गळून पडते. आरंभीच्या पारदर्शक पट्टीचा सांधा सुटतो. आणि वर्षानुवर्षें गुंडाळून राहिलेल्या वेढ्यांतील ध्वनि शेजारच्या वेढ्यावर उमटून गाण्याआधीं त्याचा क्षीण पडसाद ऐकूं येऊं लागतो. यास्तव कॅसेटी उभ्या, डबींत घालून, कोरड्या व थंड जागीं ठेवाव्यात. ध्वनिक्षेपकाच्या लोहचुंबकापासून दूर ठेवाव्यात. ढिली पडलेली फीत पेन्सिल घालून हलक्या हातानें आवळून घ्यावी. ही युक्ति पूर्वीं शाळकरी मुलांनाहि येत असे. बुरशी आलेली कॅसेट यंत्रांत घालूं नये. जाणत्याकडून साफ करून घ्यावी. आणि फीत धड आहे तोंवर तिचा ध्वनि संगणकावर उतरवून घ्यावा. तसें करतांना कार्डाच्या दोन्ही बाजूंचें व कवचाचें छायाचित्र अवश्य काढावें. कारण नुसता ध्वनि उरला आणि गाणारा कोण, वाजविणारे कोण, वर्ष कोणतें, हें सारें गेलें, तर तें दप्तर अर्धेंच वाचलें असें होईल.

सारांश, संग्राहकाच्या कपाटाची खरी किंमत दुर्मिळ कॅसेटींच्या संख्येवर नसून शेजारीं ठेवलेल्या वहीवर आहे. नांव, क्रमांक, कंपनीचा पत्ता, छापलेली किंमत, कवचाचा प्रकार, ती कोणाच्या घरून व कोणत्या गांवाहून आली, एवढा तपशील प्रत्येक कॅसेटपुढें लिहिलेला असला, तर उद्यांच्या अभ्यासकाला आमच्या काळांत कोण काय गात होतें, कोण तें ऐकत होतें आणि त्यासाठीं किती पैसे मोजीत होतें, हें समजेल. भंगारवाला अशा ढिगाला वजनावर भाव देतो. त्याच्या तागडींत ढीग टाकण्यापूर्वीं घरांतील एकानें तरी एकवार प्रत्येक कार्ड वाचून पाहावें, इतकेंच सांगावयाचें.