धनुष्याच्या दोरीपासून कुंडीपर्यंत



बचत गटांच्या स्टॉलवर हल्ली स्नेक प्लांटच्या कुंड्या दिसतात. तलवारीसारखी उभी पानं, त्यांवर सापाच्या अंगासारखे पट्टे. हे परदेशी फॅशनचं झाड, असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं आहे.

या झाडाची एक बहीण आपल्याच देशातली. जुन्या ग्रंथांत 'मूर्वा' हे नाव येतं. त्या नावाने दोन-तीन वनस्पती ओळखल्या जातात, त्यांतली ही एक. हिच्या पानात लांब, चिवट धागा असतो. पान ठेचून गर खरवडला की तो हाती येतो. धनुष्याच्या दोरीला संस्कृतात 'मौर्वी' म्हणतात, तो शब्द मूर्वेवरूनच आला. आपण सोडणं भिजवून, कुटून काथ्या काढतो आणि सुंभ वळतो, त्यातलंच हे काम. १७९३ पासून कोलकात्याची सरकारी बाग सांभाळणारे विल्यम रॉक्सबर्ग यांनी आपल्याकडच्या धाग्याच्या झाडांचा अभ्यास केला, त्यात हीही होती. तिच्या शास्त्रीय नावात आजही त्यांचं नाव आहे.

आपण कुंडीत लावतो ती मात्र पश्चिम आफ्रिकेतली. पण तिचं शास्त्रीय नावही कोलकात्यातच ठरलं. त्याच बागेचे प्रमुख डेव्हिड प्रेन यांनी १९०३ मध्ये बंगालच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात ते दिलं. कमी उजेडात, कमी पाण्यात तग धरते म्हणून ती घरोघरी पोचली. इंग्रजीत तिला 'सासूची जीभ' असंही म्हणतात. नाव ठेवायला तिथेही बाईच सापडली!

पुढे १९८९ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेने बंद पेटीत झाडं ठेवून हवेतले काही घातक वायू कमी होतात का, हे तपासलं. ते कमी झाले. तिथून 'हवा शुद्ध करणारं झाड' ही जाहिरात सुरू झाली. पण घर म्हणजे बंद पेटी नव्हे. २०१९ मध्ये असे अनेक प्रयोग एकत्र तपासले गेले. उघड्या खिडकीइतकं काम व्हायला एका चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील, असं दिसलं. 'रात्री ऑक्सिजन देतं' हेही खरं नाही. रात्री ते कार्बन डायऑक्साइड घेऊन साठवतं. ऑक्सिजन तयार होतो तो उजेडातच.

हे सांगायचं कारण, कुणी झाडाच्या भरवशावर चुलीचा धूर कोंडून ठेवला तर त्रास घरातल्या बाईला आणि पोरांना होईल. धुराला खिडकी आणि धुराडंच हवं. आपल्या गटाने खोटा गुण सांगून झाड विकू नये. खरे गुण पुरेसे आहेत.

गिऱ्हाइकाला एवढं नक्की सांगा. माती पूर्ण सुकली की मगच पाणी. पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांखाली नको, गड्डा कुजतो. मातीत नदीची वाळू किंवा जांभ्याचा चुरा मिसळा. समुद्राची वाळू खारी, ती नको. पान चावलं तर उलटी होते, म्हणून लहान मुलं आणि जनावरांपासून लांब ठेवा. आणि रोपं करताना लक्षात असू द्या: पानाचा तुकडा खोचला तरी झाड येतं, पण पिवळ्या काठाच्या पानातून साधं हिरवंच येतं. पिवळा काठ हवा, तर गड्डा फोडूनच लावा.

ज्या झाडाने धनुष्याला दोरी दिली, त्याला खोट्या जाहिरातीची गरज नाही.