एम्लेन टनेल : एका बचावपटूची कारकीर्द आणि मान्यतेचा प्रश्न

प्रस्तावना

क्रीडेतिहासाच्या लेखनात गुण मिळविणाऱ्या खेळाडूचे नाव ठळकपणे येते. प्रतिस्पर्ध्याला गुण मिळू न देणाऱ्याची नोंद मात्र सहसा मागे राहते. अमेरिकन फुटबॉलमधील 'डिफेन्सिव्ह बॅक' या खेळाडूची स्थिती अशीच आहे. बचावफळीच्या अगदी मागे उभे राहून प्रतिस्पर्ध्याने दूरवर फेकलेला चेंडू अडविणे आणि साधल्यास तो हवेतच हस्तगत करणे, हे त्याचे काम होय. असा चेंडू हस्तगत करण्यास 'इंटरसेप्शन' म्हणतात. एम्लेन टनेल हा या स्थानावरील एक श्रेष्ठ खेळाडू. कृष्णवर्णीय असल्यामुळे त्याच्या बाबतीत खेळातील उपेक्षेला समाजातील उपेक्षेचीही जोड मिळाली. त्याच्या कर्तृत्वाला मान्यता कोणत्या क्रमाने आणि किती विलंबाने मिळाली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

नॅशनल फुटबॉल लीगमध्ये प्रारंभीच्या काळात काही कृष्णवर्णीय खेळाडू होते. तथापि १९३४ ते १९४५ या काळात एकाही संघाने कृष्णवर्णीय खेळाडू घेतला नाही. तसा लेखी नियम नव्हता. संघमालकांमधील अलिखित समजुतीवरच ही बंदी टिकून राहिली. रॅम्स हा संघ लॉस एंजेलिस येथे आला, तेव्हा तेथील मैदान सार्वजनिक मालकीचे होते. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी आग्रह धरल्यामुळे १९४६ मध्ये या संघाला केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना घ्यावे लागले. अशा रीतीने बंद दार किलकिले झाले असतानाच टनेलचा व्यावसायिक खेळात प्रवेश झाला.

लष्करी सेवा आणि शिक्षण

टनेल हा पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फियाजवळच्या गॅरेट हिल या वस्तीत वाढला. टोलेडो विद्यापीठात असताना १९४२ मध्ये फुटबॉल खेळताना त्याच्या मानेचे हाड मोडले. या दुखापतीमुळे भूदल व नौदल यांनी त्याला नाकारले. तटरक्षक दलाने मात्र घेतले. तेथे त्याला 'स्ट्यूअर्ड' म्हणजे अधिकाऱ्यांच्या भोजनाची व्यवस्था पाहणाऱ्या सेवकाचे काम मिळाले. त्या काळी कृष्णवर्णीय भरती झालेल्यांना बहुधा याच शाखेत ठेवले जाई.

एप्रिल १९४४ मध्ये न्यू गिनीच्या मिल्न उपसागरात त्याच्या 'एटामिन' या मालवाहू जहाजावर जपानी विमानाने पाणतीर डागला. त्या आगीत सापडलेल्या सहकाऱ्याच्या अंगावरील ज्वाला टनेलने उघड्या हातांनी विझविल्या आणि त्याला बाहेर काढले. या प्रयत्नात तो स्वतःही भाजला. पुढे १९४६ मध्ये न्यूफाउंडलंड येथे गोठविणाऱ्या पाण्यात पडलेल्या दुसऱ्या सहकाऱ्यालाही त्याने वाचविले. सेवेतून मुक्त झाल्यावर त्याने आयोवा विद्यापीठात प्रवेश घेतला व तेथील संघाकडून तो खेळला.

व्यावसायिक कारकीर्द

१९४८ मध्ये केळी वाहून नेणाऱ्या एका ट्रकमधून न्यूयॉर्क गाठून टनेल निमंत्रण नसताना जायंट्स संघाच्या कार्यालयात दाखल झाला. संघाचे मालक टिम मारा यांनी त्याच्याशी करार केला. जायंट्सचा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला.

त्या काळात बचावतंत्रातही स्थित्यंतर घडत होते. फेकीचा खेळ प्रभावी होऊ लागल्यामुळे केवळ पुढच्या फळीच्या बळावर बचाव करणे अपुरे पडू लागले. १९५० मध्ये प्रशिक्षक स्टीव्ह ओवेन यांनी 'अंब्रेला' ही रचना वापरली. तीत मागचे चार बचावपटू छत्रीच्या काड्यांप्रमाणे पसरून उभे राहत. टनेल हा त्या चौघांपैकी एक होता. १ ऑक्टोबर १९५० रोजी जायंट्सने बलाढ्य क्लीव्हलँड ब्राउन्सचा ६-० असा पराभव केला. ब्राउन्स संघाला एकही गुण न मिळण्याची ही पहिलीच वेळ होती.

बचावपटू सामन्याची दिशा बदलू शकतो, हे टनेलने आकड्यांनीही सिद्ध केले. १९५२ च्या हंगामात हस्तगत केलेले चेंडू आणि प्रतिस्पर्ध्याने लाथाडलेले चेंडू घेऊन त्याने ९०० हून अधिक यार्डांची मजल मारली. त्याच हंगामात चेंडू घेऊन धावणाऱ्या आक्रमक खेळाडूंत अव्वल ठरलेल्या डॅन टाउलरचे यार्ड ८९४ होते. आक्रमणात नसलेल्या खेळाडूने त्याला मागे टाकावे, ही असाधारण गोष्ट होय. टनेलने १९५६ मध्ये जायंट्सबरोबर आणि १९६१ मध्ये विन्स लोम्बार्डी यांच्या ग्रीन बे पॅकर्सबरोबर विजेतेपद मिळविले. चौदा हंगामांनंतर तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ७९ इंटरसेप्शन होते. हा विक्रम १९७९ मध्ये पॉल क्राऊस याने मोडला. त्याची अंतिम संख्या ८१ झाली.

मान्यता आणि तिच्या मर्यादा

१९६७ मध्ये कँटन येथील प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये टनेलचा समावेश झाला. हा सन्मान मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय आणि केवळ बचावातील खेळाच्या आधारे निवडला गेलेला पहिला खेळाडू होय. एकाच निवडीने दोन्ही उपेक्षांची दखल घेतली गेली, हे लक्षणीय आहे.

परंतु मैदानावरील प्रवेश आणि संघाचे नेतृत्व या दोन बाबी भिन्न आहेत. निवृत्तीनंतर टनेलने जायंट्ससाठी नवोदितांची पारख करण्याचे काम केले व पुढे तो सहायक प्रशिक्षक झाला. जुलै १९७५ मध्ये संघाच्या सराव शिबिरातच हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले, तोपर्यंत मुख्य प्रशिक्षकपद त्याच्याकडे आले नव्हते. १९२० च्या दशकातील फ्रिट्झ पोलार्ड यांच्यानंतर लीगमध्ये कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक दिसण्यास १९८९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी आर्ट शेल यांची रेडर्स संघावर नियुक्ती झाली.

सागरी सेवेतील शौर्याची दखल तर याहून उशिरा घेतली गेली. टनेलला रौप्य जीवरक्षक पदक २०११ मध्ये मरणोत्तर देण्यात आले. एटामिनवरील घटनेला तोवर सदुसष्ट वर्षे लोटली होती. २०२१ मध्ये तटरक्षक दलाने आपल्या एका गस्ती जहाजाला त्याचे नाव दिले.

समारोप

टनेलच्या चरित्रात घटनांचा क्रम आणि मान्यतेचा क्रम एकमेकांशी जुळत नाहीत. १९४४ चे शौर्य २०११ मध्ये नोंदले गेले. १९४८ नंतरचा खेळ १९६७ मध्ये गौरविला गेला. आणि नेतृत्वाची संधी त्याच्या हयातीत आलीच नाही. इंटरसेप्शनची संख्या मोजता येते म्हणून ती नोंदीत टिकली. ज्या सेवकाकडून शौर्याची अपेक्षाच कोणी केली नव्हती, त्याचे शौर्य मोजण्याची व्यवस्था मात्र तत्परतेने चालली नाही. 'पहिला' या विशेषणाने अशा व्यक्तींचा गौरव करताना, ते पहिलेपण इतक्या उशिरा का आले, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने सोडून देता कामा नये.