कुलूपच नसलेल्या दाराची खंडणी

डिसेंबर १९८९ मध्ये लंडनहून सुमारे २०,००० फ्लॉपी डिस्क टपालाने रवाना झाल्या. त्यांवर एड्सविषयक माहितीचा मथळा होता. पत्ते होते एका संगणक नियतकालिकाच्या वर्गणीदारांचे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स परिषदेला गेलेल्या प्रतिनिधींचे. प्रश्नांची उत्तरे दिल्यावर रोगाचा धोका सांगणारा प्रोग्राम त्या डिस्कमध्ये खरोखरच होता. सोबत आलेला दुसरा प्रोग्राम मात्र संगणक किती वेळा सुरू होतो, हे मुकाट्याने मोजत राही. साधारण नव्वदाव्या वेळी पडद्यावर फर्मान उमटे: वापराच्या भाड्यापोटी १८९ डॉलर, किंवा कायमच्या परवान्यासाठी ३७८ डॉलर, पनामातील एका टपालपेटीच्या पत्त्यावर पाठवावेत. रॅन्समवेअरचा इतिहास येथून मोजला जातो.

या प्रोग्रामने फायलींच्या आतील मजकुराला हातही लावला नव्हता. त्याने फोल्डर दडवले होते आणि फायलींची नावे सांकेतिक अक्षरांत बदलली होती. जिम बेट्स या ब्रिटिश तज्ज्ञाने ही अदलाबदल उलगडून नावे पूर्ववत करणारा प्रोग्राम लवकरच उपलब्ध केला. तोपर्यंत काहींचा धीर सुटला होता. इटलीतील एका एड्स संस्थेने धास्तावून आपल्या डिस्क पुसल्या आणि दहा वर्षांचे काम गमावले, अशी नोंद आढळते. जे नुकसान प्रोग्रामने केले नाही, ते भीतीने केले. या प्रकरणी अटक झालेला जोसेफ पॉप हा हार्वर्डमध्ये शिकलेला उत्क्रांती-जीवशास्त्रज्ञ होता. मानसिक अस्वास्थ्यामुळे तो खटल्यास पात्र नसल्याचे ब्रिटिश न्यायालयाने ठरविले.

पॉपच्या कुलपातील उणीव १९९६ मध्ये अॅडम यंग आणि मोती युंग या संशोधकांनी नेमकी दाखविली. बंद करण्याची आणि उघडण्याची किल्ली एकच असेल, तर ती प्रोग्रामच्या पोटातून शोधून काढता येते. बंद करणारी किल्ली उघड आणि उघडणारी केवळ खंडणीखोराजवळ असेल, तर शोधण्यासारखे काही उरत नाही. तो इशारा होता. २०१३ मधील क्रिप्टोलॉकरने तो खरा केला.

परंतु असे कुलूप नीट बनविणे आणि किल्ल्यांचा हिशेब ठेवणे कष्टाचे असते. त्यामुळे कुलूप वगळून केवळ फर्मान पाठविणारा दुसरा प्रवाहही जोमाने वाढला. २०१२ च्या सुमारास युरोप-अमेरिकेत पसरलेला रेव्हेटन हा प्रोग्राम पोलिसांचे बोधचिन्ह दाखवून पडदा अडवीत असे, बेकायदेशीर चित्रे पाहिल्याचा आरोप करी आणि ‘दंड’ मागे. फायली जागच्या जागी शाबूत असत. पुढे तर संगणकात काही शिरण्याचीही गरज उरली नाही: संपूर्ण पडदा व्यापणारे एक संकेतस्थळ पुरेसे ठरले.

भारतात हा प्रकार गृह मंत्रालय किंवा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग यांच्या नावाने आला. ‘तुमचा संगणक बंद करण्यात आला आहे’ अशी सूचना, अश्लील चित्रफिती पाहिल्याचा आरोप, काही तासांची मुदत आणि खाली बँक-कार्डाचा तपशील भरण्याची चौकट. २०२३ मध्ये केरळातील कोझिकोड येथे लॅपटॉपवर अशीच सूचना आल्यानंतर एका १६ वर्षांच्या विद्यार्थ्याने जीवन संपविले. मागितलेली रक्कम तीस हजारांहून थोडी अधिक होती. या फसवणुकीचे बळ संगणकशास्त्रात नाही; आरोपच असा निवडलेला असतो, की शेजारच्या खोलीतील आईवडिलांनाही विचारण्याची लाज वाटावी. (अशा मनःस्थितीत बोलण्यासाठी ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही शासकीय सेवा आहे.)

खोटेपणाची एक उलटी तऱ्हाही आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून पसरलेल्या नॉटपेट्याने खंडणीची सूचना दाखविली. त्या दिवसांत मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. मात्र पडद्यावरील ओळख-क्रमांक निव्वळ यादृच्छिक होता. त्यावरून किल्ली काढणे खुद्द हल्लेखोरांनाही शक्य नव्हते. येथे कुलूप खरे होते, सौदा खोटा.

म्हणून पारख फर्मानाची नव्हे, फायलींची करावी लागते. ब्राउझरमधील सूचनेत वर दिसणारा सरकारी पत्ता अनेकदा पानावर रंगविलेले चित्र असते. एस्केप कळ काही क्षण दाबून धरली, किंवा ऑल्ट आणि एफ-४ एकत्र दाबले, की बहुधा पडदा मोकळा होतो. न झाल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करता येतो. पुन्हा उघडताना तो आधीची पाने परत आणू का, असे विचारतो. तेथे नकार द्यावा. नाहीतर भूत परत मानगुटीवर बसते. अनोळखी संकेतस्थळांना दिलेली सूचना दाखविण्याची परवानगी आणि अनोळखी एक्स्टेन्शनही काढून टाकावीत.

त्यानंतर नेहमीची छायाचित्रे, दस्तऐवज उघडून पाहावेत. उघडले, तर कुलूप नव्हतेच. नावाला विचित्र शेपूट जोडलेले आढळल्यास एका फायलीची प्रत करून मूळ शेपूट परत लावून पाहावे. काही नकली प्रोग्राम नावापलीकडे जातच नाहीत. पीडीएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तर आरंभी टक्क्याचे चिन्ह आणि पी-डी-एफ ही अक्षरे दिसतात. कूटबद्ध फायलीत तेथे बहुधा निरर्थक चिन्हांचा खच असतो. ब्राउझर बंद करूनही सूचना परतत असेल, तर प्रोग्राम संगणकात आहे असे समजून विंडोज सिक्युरिटीमधील ऑफलाइन तपासणी चालवावी. ती विंडोज सुरू होण्यापूर्वीच शोध घेते, त्यामुळे पडदा अडविणाऱ्याला आडवे येण्याची संधी मिळत नाही.

फायली खरोखरच बंद असल्या, तर जाळ्याची जोडणी तोडावी आणि डिस्क पुसू नये. २०१६ मध्ये डच पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ उपक्रमात अनेक जुन्या प्रकारांच्या किल्ल्या विनामूल्य मिळतात. पडद्याचे छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवावे. कार्डाचा क्रमांक आधीच भरला गेला असल्यास बँकेकडून कार्ड बंद करवून १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी गोठविता येते ती याच अवधीत.