२४० हर्ट्झचा मॉनिटर ६० वरच चालतोय? समजून घ्या रिफ्रेश रेट, इनपुट लॅग आणि केबलचं गणित

गेमिंग मॉनिटरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत साधारण तीन गोष्टी छापलेल्या असतात: २४० हर्ट्झ, १ मिलिसेकंद आणि एचडीएमआय २.१. महाड किंवा पोलादपूरला बसून ऑनलाइन मागवायचा तर चालवून बघायची सोय नसते. अशा वेळी या तीन आकड्यांचा नेमका अर्थ माहीत असलेला बरा.

रिफ्रेश रेट म्हणजे काय?

पडदा एका सेकंदात किती वेळा नवं चित्र दाखवू शकतो, तो आकडा म्हणजे रिफ्रेश रेट. दोन चित्रांमधलं अंतर असं पडतं:

- ६० हर्ट्झ: १६.७ मिलिसेकंद
- १४४ हर्ट्झ: ६.९ मिलिसेकंद
- २४० हर्ट्झ: ४.२ मिलिसेकंद
- ३६० हर्ट्झ: २.८ मिलिसेकंद

६० वरून १४४ वर गेलात तर जवळपास १० मिलिसेकंद वाचतात. २४० वरून ३६० वर गेलात तर जेमतेम १.४. म्हणजे पहिली उडी डोळ्यांना लगेच जाणवते, पुढच्या प्रत्येक उडीत पैसे जास्त आणि फरक कमी.

शिवाय तुमचं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला ९० चित्रंच तयार करत असेल, तर २४० हर्ट्झचा पडदाही नवीन चित्रं ९०च दाखवणार. अशा वेळी जी-सिंक किंवा फ्रीसिंक कामाला येतं. ते पडद्याचा वेग कार्डाच्या वेगाशी जुळवून घेतं, त्यामुळे चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसत नाही.

मग इनपुट लॅग वेगळा कसा?

समजा, महाड स्टँडवरून पोलादपूरची एसटी दर पंधरा मिनिटांनी सुटते. ती दर पाच मिनिटांनी सोडली तर स्टँडवरचं ताटकळणं कमी होईल. पण महामार्गावर काम चालू असेल तर रस्त्यातला वेळ तेवढाच राहील. गाड्या किती वेळाने सुटतात तो रिफ्रेश रेट, आणि घरातून निघून पोलादपूरला उतरेपर्यंतचा सगळा वेळ म्हणजे इनपुट लॅग.

माऊस दाबल्यापासून पडद्यावर गोळी सुटलेली दिसेपर्यंत माऊस, गेम, ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर असे सगळे आपापला वेळ घेतात. टीव्हीवर गेम खेळताना उशीर जास्त जाणवतो, कारण चित्र सुंदर करण्याच्या प्रक्रियेत टीव्ही ते थोडा वेळ अडवून ठेवतो. 'गेम मोड' सुरू केला की ही प्रक्रिया बरीचशी बंद होते.

खोक्यावरचा '१ मिलिसेकंद' मात्र इनपुट लॅग नाही. एका पिक्सेलला रंग बदलायला लागणारा तो वेळ आहे, तोही कंपनीने तिच्या सोयीच्या सेटिंगवर मोजलेला. इनपुट लॅग खोक्यावर सहसा छापत नाहीत. तो स्वतंत्र चाचण्यांमध्ये बघावा लागतो.

केबलने काय फरक पडतो?

केबल म्हणजे रस्त्याची रुंदी. एचडीएमआय २.० मधून सेकंदाला १८ गिगाबिट जातात, डिस्प्लेपोर्ट १.४ मधून ३२.४ आणि एचडीएमआय २.१ मधून जास्तीत जास्त ४८. एचडीएमआय २.० वर ४के चित्र ६० हर्ट्झपर्यंतच नीट चालतं. प्लेस्टेशन ५ वर ४के आणि १२० हर्ट्झ हवं असेल, तर एचडीएमआय २.१ लागतंच.

इथे एक मेख आहे. एचडीएमआय २.१ मधल्या बऱ्याच सुविधा ऐच्छिक आहेत. त्यामुळे नुसतं '२.१' वाचून मॉनिटर घेऊ नका. त्या पोर्टवर कोणत्या रिझोल्यूशनला किती हर्ट्झ मिळतात, हे माहितीपत्रकात तपासा. केबलवर 'अल्ट्रा हाय स्पीड' हे प्रमाणित लेबल आहे का, तेही बघा.

लॅग मॉनिटरचा की इंटरनेटचा?

व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ यांचे सर्व्हर मुंबईतही आहेत. महाडहून मुंबई रस्त्याने पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. म्हणजे केबल दुप्पट वळसा घालून गेली, तरी जाऊन-येऊन चार मिलिसेकंदांच्या आत काम होतं. तरीही पिंग ८०-१०० दिसत असेल, तर दोष अंतराचा नाही. घरातलं वाय-फाय, मोबाइल हॉटस्पॉट किंवा सेवा कंपनीने फिरवून नेलेला मार्ग यांत कारण शोधा. महागडा मॉनिटर पिंग कमी करत नाही.

नवा मॉनिटर घेण्याआधी हे करा

१. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट बघा. अनेकदा तो ६० वरच राहिलेला असतो.

२. केबल मदरबोर्डला नाही, तर ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टला लावली आहे ना, ते तपासा.

३. राउटरपासून लॅन केबल ओढा आणि पिंग पुन्हा बघा.

४. गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम मिळतात ते मोजा. ७०-८० च मिळत असतील, तर २४० हर्ट्झवर पैसे घालण्याआधी ग्राफिक्स कार्डाचा विचार करा.

यातल्या पहिल्या दोन गोष्टींना एक रुपयाही लागत नाही. त्या केल्यावरही खेळ अडखळत असेल, तरच खोक्यावरच्या आकड्यांकडे वळा.