क्रूसाचा विजय आणि वसईचा सुपुत्र

धर्मग्रामाच्या या ज्युबिली वर्षीं स्मरणिकेसाठीं कांहीं इतिहासपर लिहावें अशी आम्हांस विनंति झाली. देवळाच्या बांधणीचा व पूर्वीच्या धर्मगुरूंचा वृत्तांत इतरांनीं लिहिलाच आहे. तो पुन्हां सांगण्याचें प्रयोजन नाहीं. आम्हीं विषय घेतला आहे तो क्रूसाच्या विजयाचा. हे शब्द प्रवचनांतून व गायनांतून आपल्या कानांवर वरचेवर पडतात. परंतु विजय म्हटला कीं मनुष्याच्या मनापुढें तोफ, तट आणि निशाण हींच उभीं राहतात. वसईकरांच्या मनापुढें तर विशेषच, कारण किल्ला आपल्या दाराशींच आहे.

१५३४ सालीं गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें तहान्वयें वसई पोर्तुगिजांच्या हवालीं केली. पुढें दोनशें वर्षें तटाच्या आंत देवळें उठलीं, मठ झाले, श्रीमंतांचे वाडे झाले. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांच्या सैन्यानें तो किल्ला घेतला. त्या देवळांच्या उघड्या भिंती आज आपण पाहतोंच. क्रूसाचा विजय म्हणजे पोर्तुगालच्या राजाचा विजय असें ज्यांनीं मानलें होतें, त्यांच्या लेखीं त्या दिवशीं क्रूस हरला. पण तटाबाहेर शेतवाडींत राबणाऱ्या कुटुंबांनीं तो घरांत व मनांत जपून ठेवला, आणि त्यांच्याच पोटीं आपण जन्मलों. किल्ल्याचा विजय निराळा आणि क्रूसाचा निराळा. हा भेद आपल्या देहानें ज्यानें दाखवून दिला तो वसईचाच पुत्र, आणि तोहि किल्ला पडण्यापूर्वीं सुमारें दीडशें वर्षें.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईस झाला. पिता पोर्तुगीज, माता याच भूमींतील. येशूसंघाच्या धर्मगुरूंपाशीं ते शिकले व कोवळ्या वयांतच त्यांच्यासमवेत जपानास गेले. तेथें धर्मशिक्षकाचें काम करतां करतां जपानी भाषा त्यांच्या जिभेवर बसली. येशूसंघांत आपणांस घ्यावें ही त्यांची मोठी इच्छा. ती पुरी झाली नाहीं. मग त्यांनीं व्यापार केला, तो चाललाहि चांगला; पण मन तेथें रमेना. शेवटीं मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत ते साधे बंधु म्हणून दाखल झाले. धर्मगुरूपदाची दीक्षा त्यांस कधींच मिळाली नाहीं. हें आम्ही मुद्दाम लिहितों, कारण साधुत्व हा झगा घालणारांचाच मक्ता आहे अशी समजूत आपल्यांतहि पुष्कळांची आहे.

१५९३ सालीं मनिलाच्या गव्हर्नरानें फादर पेद्रो बाप्तिस्ता यांस जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याजकडे वकील म्हणून धाडलें. बरोबर दुभाषी होते बंधु गोन्सालो. क्योतो शहरांत या मंडळीनें देऊळ बांधलें आणि महारोग्यांसाठीं रुग्णालयें काढलीं. तीन वर्षें काम बऱ्यापैकीं चाललें.

१५९६ च्या ऑक्टोबरांत 'सान फेलिपे' नांवाचें स्पॅनिश गलबत वादळांत सांपडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागलें. माल जप्त झाला. सांगतात कीं, गलबताच्या सुकाण्यानें नकाशा पुढें टाकून बढाई मारली: आमचा राजा आधीं धर्मोपदेशक पाठवितो आणि मागून सैन्य. तो नक्की काय बोलला याविषयीं इतिहासकारांत वाद आहे. आमचें मत इतकेंच कीं, शब्द उच्चारले गेले असोत वा नसोत, हिदेयोशीस ते खरे वाटले. आणि खरे वाटावेत असें त्या काळीं जगांत पुष्कळ घडतहि होतें. तलवारीच्या सावलींत क्रूस उभा करणारांचें प्रायश्चित्त नि:शस्त्रांस भोगावें लागलें.

पकडलेल्यांची संख्या प्रथम चोवीस होती; वाटेंत आणखी दोघे मिळाले. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय व सतरा प्रापंचिक. या सव्विसांत वीस जण जपानी. हुकूम होता नाक व कान कापण्याचा. अधिकाऱ्यानें दया म्हणून डाव्या कानाची पाळीच कापविली. मग ऐन हिंवाळ्यांत, जानेवारी १५९७ मध्यें, लोकांस दहशत बसावी म्हणून त्यांस गांवोगांव मिरवीत नागासाकीपर्यंत नेलें. त्या वाटचालीस जवळजवळ एक महिना लागला. त्यांत लुदोविको नांवाचा बारा वर्षांचा मुलगाहि होता.

५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाका टेकडीवर क्रूस मांडून ठेविले होते. बंधु गोन्सालो पुढें होऊन "माझा कोणता?" असें विचारते झाले, आणि आपला क्रूस दाखवितांच गुडघे टेकून त्यांनीं त्यास आलिंगन दिलें, असें सांगतात. पॉल मिकी या जपानी येशूसंघीयानें क्रूसावरूनच लोकांस उपदेश केला व आपणांस मारणाऱ्या हिदेयोशीस क्षमा केली. नंतर भाल्यांनीं एकेकाची कूस भेदण्यांत आली. त्यांच्या सोडवणुकीस एकहि आरमार आलें नाहीं; सुकाण्याची बढाई त्या टेकडीवर खोटी ठरली.

पुढें १६१४ सालीं धर्मावर देशभर बंदी आली. १६३७ सालीं शिमाबारा येथें गांजलेल्या शेतकऱ्यांनीं, ज्यांत बहुतेक ख्रिस्ती होते, शस्त्र उचललें व ते चिरडले गेले. उपाशी माणसांस दोष देण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु त्यांच्या तलवारींनीं धर्म राखला नाहीं, हें खरें. तो राखला नागासाकीजवळच्या उराकामी गांवच्या व तशाच इतर खेड्यांच्या कुळंब्यांनीं. त्यांना धर्मगुरू नव्हता, मिस्सा नव्हती. बाप्तिस्मा तेवढा ते गुपचूप देत, आणि पाठ केलेल्या प्रार्थना मुलांस शिकवीत. असे अडीचशें वर्षें.

आठवे अर्बन पोपसाहेब यांनीं या सव्वीस जणांस १६२७ सालीं धन्यवादित म्हणून, आणि नववे पायस पोपसाहेब यांनीं १८६२ सालीं संत म्हणून घोषित केलें. लगेच नागासाकींत परदेशी लोकांकरितां म्हणून ओउरा येथें त्यांच्या नांवानें देऊळ उभें राहिलें. १७ मार्च १८६५ रोजीं उराकामीचे कांहीं गांवकरी त्या दारांत आले आणि फादर पेतिझां यांच्या कानाशीं लागून त्यांनीं आपलें अंत:करण उघडें केलें: आपण एकाच श्रद्धेचे आहोंत, पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे?

बंदी तेव्हां उठली नव्हती. पुढें उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांस हद्दपारी भोगावी लागली, आणि १८७३ त ते परतले. ज्या मुखियाच्या आवारांत त्यांच्या वाडवडिलांस पवित्र प्रतिमा पायीं तुडविण्यास लावीत, ती जमीन त्यांनीं सूड म्हणून जाळली नाहीं. पैसे जमवून विकत घेतली आणि तेथें देऊळ बांधलें. ९ ऑगस्ट १९४५ रोजीं अणुबाँबनें तें देऊळ आणि गांवांतील हजारों श्रद्धावंत नाहींसे केले. त्याच वर्षीं नाताळच्या पूर्वरात्रीं, ढिगाऱ्याखालून उकरून काढलेली एक घंटा तिकाटण्याला टांगून उरलेल्यांनीं वाजविली.