जुन्या गाडीचा टॅकोमीटर : ओळख आणि जोडणी

इंजिनाचा क्रँकशाफ्ट मिनिटाला किती फेरे घेतो, हे दाखविणारे उपकरण म्हणजे टॅकोमीटर. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या साध्या पद्मिनीत ते नसे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. आता ही गाडी उरली ती प्रामुख्याने हौशी मालकांकडे. भंगार बाजारात एखादा इंग्रजी बनावटीचा, स्मिथ्स कंपनीचा टॅकोमीटर हाती लागला की तो डॅशबोर्डवर बसविण्याचा मोह होतोच. मात्र तो कोणत्या जातीचा आहे हे ओळखल्याशिवाय वायरीला हात लावू नये.

मागे स्पीडोमीटरसारखी केबल अडकविण्याची जागा असेल, तर उपकरण यांत्रिक आहे. इंजिनावर तशी केबल फिरविणारी सोय नसल्यास ते केवळ शोभेचे. विजेवर चालणाऱ्या स्मिथ्सच्या तबकडीवर तळाशी बारीक अक्षरांत सांकेतिक क्रमांक असतो. ‘आरव्हीआय’ने सुरू होणारे उपकरण कॉइलकडे जाणारा प्रवाह मोजते, तर ‘आरव्हीसी’ने सुरू होणारे कॉइलवरील विद्युतदाबाचे ठोके मोजते. क्रमांकातला दुसरा आकडा बहुधा सिलिंडरची संख्या सांगतो. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात, सहा सिलिंडरमध्ये तीन. म्हणून सहा सिलिंडरचा टॅकोमीटर पद्मिनीला लावला, तर इंजिन ३००० फेऱ्यांवर असताना काटा २००० दाखवील. काटा डुलतो आहे म्हणून मालक खूश, आणि इंजिन मात्र ओरडते आहे!

त्यानंतर अर्थिंग. जुन्या इंग्रजी घराण्याच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. फियाट घराण्यात ऋण. उपकरणाची रचना उलट्या अर्थिंगची असेल, तर आतील ट्रान्झिस्टर जळतो. तबकडीवर अर्थिंगचा प्रकार छापलेला असल्यास तो वाचावा आणि बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जाते हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

जोडणीपूर्वी बॅटरीची वायर काढावी. आरव्हीसीची जोडणी सोपी आहे : इग्निशन चालू झाल्यावरच वीज मिळणारी फ्यूजमधली वायर, बॉडीची अर्थ आणि कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडील टोकाची एक वायर. आरव्हीआयमध्ये मात्र इग्निशन स्विचकडून कॉइलकडे जाणारी वायरच उपकरणामागील फेऱ्यातून जाते, आणि त्यातील प्रवाहाची दिशा महत्त्वाची असते; उलट झाल्यास काटा नीट चालत नाही. इंग्रजी गाड्यांत ही वायर पांढरी असते. इतरत्र रंगावर विसंबू नये, टेस्ट लॅम्पनेच खात्री करावी. खरा धोका इथेच आहे. ज्या नमुन्यांत ही वायर तोडून जोडावी लागते, त्यांत तो सांधा सुटला की टॅकोमीटरच नव्हे, इंजिनही बंद पडते. चारोटी नाक्याकडून तलासरीकडे जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, मागे मालमोटारींची रांग असताना असे होणे परवडणारे नाही.

डहाणू, घोळवड, बोर्डीच्या किनाऱ्यावर याच सांध्यांना खाऱ्या हवेची भर पडते. तांब्यावर हिरवट थर चढतो, बॉडीवरच्या अर्थिंगच्या स्क्रूखाली गंज धरतो आणि काटा उगाच थरथरू लागतो. अशा वेळी उपकरण उघडण्याआधी अर्थिंगची जागा घासून चकचकीत करावी, स्क्रू घट्ट आवळावा आणि वर ग्रीस लावावे. अनेकदा एवढ्यानेच काम भागते. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसविलेले असेल, तर जुना आरव्हीआय चुकीचे वाचन देऊ शकतो. तो दोष वायरिंगचा नव्हे.

डॅशबोर्डला भोके पाडण्याची घाईही नको. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार, पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि मोठे फेरफार न झालेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. मीटर स्टिअरिंग कॉलमला पट्टीने बांधावा आणि मूळ वायरी न कापता वेगळा जोड द्यावा. आरव्हीआयसाठी कॉइलकडील मूळ वायर टोकाशी सोडवून, इन्सुलेशन टेप गुंडाळून जपून ठेवावी.