हस्तनिर्मित शुभेच्छापत्र

हस्तनिर्मित शुभेच्छापत्र (अन्य नाव: भेटकार्ड) म्हणजे सण, वाढदिवस, विवाह अथवा अन्य प्रसंगी देण्यासाठी हाताने तयार केलेले सचित्र पत्र होय. घरात वापरून झालेला कागद, पुठ्ठा, कापड व दोरा यांपासून अशी पत्रे बनविणे हा ‘टाकाऊतून टिकाऊ’ या नावाने परिचित असलेल्या हस्तकलेचा एक प्रकार आहे. जुना कागद आहे त्याच स्वरूपात कापून वापरणे (पुनर्वापर) आणि त्याचा लगदा करून नवा कागद तयार करणे (पुनर्चक्रीकरण) अशा याच्या दोन पद्धती आहेत.

## इतिहास

छापील नाताळपत्रांची सुरुवात इंग्लंडमध्ये १८४३ साली झाली. हेन्री कोल यांच्या सांगण्यावरून जॉन कॅलकॉट हॉर्स्ली यांनी काढलेले चित्र त्या पत्रावर होते. संयुक्त राष्ट्रांच्या युनिसेफ या संस्थेचे पहिले शुभेच्छापत्र १९४९ साली निघाले. त्यावरील चित्र चेकोस्लोव्हाकियातील एका सात वर्षांच्या मुलीने काढले होते.

महाराष्ट्रात हातकागदाची परंपरा जुनी आहे. जुन्नर आणि दौलताबादजवळील कागजीपुरा ही त्याची प्रसिद्ध केंद्रे होती. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने या व्यवसायाच्या पुनरुज्जीवनाचे काम केले. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली. दिवाळीप्रमाणेच मकर संक्रांतीलाही भेटकार्डे पाठविण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ होती. संक्रांतीच्या कार्डावर तिळगुळाची लहानशी पुडी चिकटवलेली असे.

## साहित्य

लग्नपत्रिका हे मराठी घरांत सहज मिळणारे साहित्य आहे. तिचा कागद जाड असतो आणि मागची बाजू बहुधा कोरी असते. पत्रिकेवर गणपतीचे चित्र असल्यामुळे ती रद्दीत टाकण्यास अनेक जण संकोचतात. चित्र कापून नव्या पत्रावर लावल्यास हा प्रश्न सुटतो.

याखेरीज जुन्या दिनदर्शिका, मिठाईची व चहाची खोकी, नव्या शर्टातील पुठ्ठा, आकाशकंदिलातून उरलेला पतंगी कागद, साडीचे काठ, शिवणकामातील चिंध्या, बटणे आणि सुतळी यांचाही उपयोग होतो. पिंपळाचे पान काही आठवडे पाण्यात ठेवल्यास त्यातील मऊ भाग कुजून निघून जातो व शिरांची जाळी उरते. ती वाळवून सजावटीसाठी वापरली जाते.

## कृती

### कापून व चिकटवून

ए-४ आकाराचा (२१० × २९७ मिमी) कागद मध्यावर दुमडल्यास ए-५ आकाराचे घडीपत्र तयार होते. कारखान्यात तयार झालेल्या कागदातील तंतू मुख्यतः एका दिशेने असतात. घडी त्या दिशेला समांतर असल्यास स्वच्छ पडते, आडवी असल्यास जाड कागदाला भेगा जातात. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहिल्यास ज्या बाजूने तो कमी जोरात वाकतो, ती घडीची योग्य बाजू होय. घडीपूर्वी पट्टीच्या आधाराने शाई संपलेल्या रिफिलने रेघ दाबून घेतात.

चिकटविण्यासाठी मैद्याची खळ पुरेशी असते. ती पातळ असल्यास कागद ओला होऊन सुरकुततो, म्हणून दाट खळीचा पातळ थर देऊन पत्र जड पुस्तकाखाली वाळवितात. खळीमुळे कागदाला कसर व झुरळे लागण्याचा संभव असतो. हे टाळण्यासाठी पुस्तकबांधणीत खळीत मोरचूद मिसळण्याची रीत आहे. मात्र मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या कामात ते वापरू नये.

### लगद्यापासून

1. कागदाचे लहान तुकडे करून रात्रभर पाण्यात भिजवतात. टाचण्या, चिकटपट्टी व प्लास्टिक आधीच काढून टाकतात.
2. भरपूर पाणी घालून लगदा वाटतात व पसरट टबात पातळ करतात.
3. जुन्या तसबिरीच्या चौकटीवर डासांची जाळी ताणून बसवितात. ही चौकट टबात आडवी बुडवून सरळ वर उचलतात.
4. पाणी निथळल्यावर चौकट सुती कापडावर उलटी करतात, स्पंजने दाबून पाणी टिपतात आणि कागद सावलीत वाळवितात.

पाणी निघून जाताना सेल्युलोजचे तंतू परस्परांशी बंध निर्माण करतात, त्यामुळे गोंदाशिवायही कागद एकसंध होतो. असा कागद शाई शोषून घेतो, म्हणून लिहिण्याच्या बाजूला पातळ खळीचा हात देतात. लगदा वाटून झाल्यावर त्यात मेथी किंवा झेंडूचे बी मिसळल्यास बीजकागद होतो. तो लवकर न वाळल्यास बी कागदातच अंकुरते.

## रंग व टिकाऊपणा

चहाच्या पाण्याने कागदाला तपकिरी आणि कांद्याच्या सालींच्या काढ्याने पिवळसर-तांबूस छटा येते. हळदीचा पिवळा रंग चुन्याच्या स्पर्शाने लाल होतो. हळदीचा रंग उजेडात लवकर उडतो. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन अधिक असल्याने तो प्रकाशात पिवळा पडून ठिसूळ होतो. जपून ठेवावयाच्या पत्रासाठी वह्यांचा कागद अधिक योग्य ठरतो.

## पर्यावरणीय मर्यादा

हाताने बनविलेले प्रत्येक पत्र पर्यावरणपूरक असतेच असे नाही. कागदावर प्लास्टिकची चमकी, चिकटपट्टी किंवा गरम गोंद लावल्यास त्याचा पुन्हा लगदा करणे अवघड होते. म्हणजे टाकाऊ कागद वाचविण्याच्या प्रयत्नात तो कायमचा कचरा ठरतो. युरोपीय संघाने सूक्ष्मप्लास्टिकवरील निर्बंधांनुसार ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी घातली आहे. सोनेरी वर्ख किंवा प्लास्टिकचा थर असलेल्या लग्नपत्रिका लगद्यासाठी निरुपयोगी असल्या, तरी कापून वापरता येतात. दुकानांतील पावत्यांचा उष्णतेने काळा पडणारा कागद मात्र दोन्ही पद्धतींत टाळावा, कारण त्यावर बिस्फेनॉलसारखी रसायने असू शकतात.

लगदा करताना पाणी व वीज खर्च होते आणि प्रत्येक फेरीत तंतू आखूड होऊन कागदाची मजबुती घटते. म्हणून चांगल्या स्थितीतील कागद आधी कापून वापरणे आणि केवळ तुकड्यांचा लगदा करणे हा क्रम अधिक काटकसरीचा आहे. दोरा, शिवण, खाचेत अडकविलेला कागद आणि खळ यांनी जोडलेले पत्र वापरानंतर सुटे करता येते, आणि त्यातील कागद पुढच्या पत्रासाठी उपयोगी पडतो.

## टपालाने पाठविताना

बटणे किंवा सुतळीमुळे पत्राला उंचवटे येतात आणि टपालाच्या हाताळणीत पाकीट फाटू शकते. म्हणून सजावटीवर पातळ पुठ्ठ्याचा तुकडा ठेवतात. टपालाचे दर वजनानुसार बदलत असल्याने जाड पत्राचे वजन पाहून तिकीट लावावे लागते. दिनदर्शिकेच्या पानाचे पाकीट केल्यास पत्ता लिहिण्यासाठी त्यावर पांढरा कागद चिकटवितात.